वात्सल्याची दुसरी बाजू

वात्सल्याला रसपद देण्याच्या बाबतीत संस्कृत काव्यशास्त्र दीर्घकाळ साशंक होते. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त वत्सल रसाचा स्पष्ट स्वीकार केला. परंतु तेथेही रसाची मांडणी झाली ती वडीलधाऱ्यांच्या बाजूने. स्नेह मातापित्यांचा, मूल हे त्या स्नेहाचे आलंबन, आणि त्याच्या बाललीला हे उद्दीपन. ज्या मुलाभोवती हा रस उभा राहतो त्याच्या मनात काय चालले आहे, तो कोणाला बिलगतो, कोणाच्या भरवशावर दूर जातो, या भावाला शास्त्रात वेगळे नाव नाही. संतांनी देवाला माउली म्हणून मुलाची आर्तता बोलती केली हे खरे; पण ते मूल म्हणजे भक्त होय, आणि त्याला माउलीपासून क्षणभरही दूर व्हावयाचे नसते. खऱ्या मुलाला मात्र दूर जावयाचे असते, आणि परतही यावयाचे असते.

या जाण्यायेण्याचा शास्त्रीय विचार विसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला. जॉन बोल्बी या इंग्रज मनोवैज्ञानिकाने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी मातृस्नेहाला वंचित झालेल्या बालकांविषयीचा अहवाल लिहिला. त्याची सहकारी मेरी एन्सवर्थ हिने पुढे युगांडातील माता आणि अर्भके यांचे निरीक्षण करून असे दाखविले की, मूल आपल्या जिव्हाळ्याच्या माणसाला भरवशाचा तळ मानते आणि त्या तळावरूनच भोवतालच्या जगाचा शोध घेऊ लागते. सांगण्यासारखी गोष्ट ही की, बोल्बीच्या अहवालापूर्वी सोळा वर्षे एका भारतीय कादंबरीकाराने हा तळ एका आजीच्या रूपाने रेखाटला होता.

आर. के. नारायण यांचा जन्म १९०६ साली मद्रासला झाला. वडील म्हैसूर संस्थानात शिक्षक असल्याने बालपणाची बरीच वर्षे नारायण मद्रासला आजीजवळ राहिले. मोर आणि माकड हे तेथले त्यांचे सवंगडी. वडील म्हैसूरच्या महाराजा हायस्कूलचे मुख्याध्यापक झाल्यावर ते म्हैसूरला आले आणि त्यांच्या आयुष्याची बरीच वर्षे त्याच शहरात गेली. मालगुडी हे नगर नकाशावर नाही. पण ते ज्या मनात वसले त्याच्या तळाशी आजीचे घर होते, आणि त्याचे रस्ते म्हैसूरच्या पायवाटांवर रुळले.

'स्वामी अँड फ्रेंड्स' ही त्यांची पहिली कादंबरी १९३५ साली प्रसिद्ध झाली. त्याच साली मराठीत साने गुरुजींचे 'श्यामची आई' आले. एकाच वर्षीच्या या दोन पुस्तकांत मुलाच्या जिव्हाळ्याची दोन भिन्न दर्शने आहेत. श्यामच्या बेचाळीस रात्रींच्या कथनात प्रेम आणि संस्कार एकरूप झाले आहेत. तळव्यांना माती लागू नये म्हणून आई पदर पसरते, आणि मनालाही असेच जप म्हणून सांगते; मायेची कृती तेथल्या तेथे शिकवण होते. प्रौढ श्याम त्या प्रेमाचे ऋण मोजत बसला आहे, आणि ते फिटणार नाही हे जाणूनच तो बोलतो. मराठी मनाने या पुस्तकावर जे प्रेम केले ते योग्यच होय. परंतु त्या प्रेमामुळे आपल्या वाङ्मयात बालपणाची एक ठरीव घडी बसली: आई म्हणजे घडविणारी, मूल म्हणजे घडविले जाणारे आणि पुढे ऋणाईत होणारे.

स्वामीची आजी त्याला काहीच शिकवीत नाही. ती राहते घरातल्या एका अंधाऱ्या बोळात, आपल्या बिछान्यासह आणि वेलदोडे, लवंगा, सुपारी ठेवलेल्या छोट्या पेटीसह. स्वामी तिच्याजवळ येतो तो राजम या नव्या मित्राचे गुण सांगण्यासाठी. तिला तिच्या मृत पतीची गोष्ट सांगावयाची असते. ती त्याला ऐकावयाची नसते. क्रिकेटमधील एका थोर खेळाडूचे नाव तिला ठाऊक नाही याचे त्याला नवल वाटते. ती पोटात दुखते म्हणून लिंबू आणावयास सांगते, तेव्हा तो खेळाच्या घाईत निघून जातो. आणि मागाहून आजीचे काही बरेवाईट तर झाले नसेल ना, या धास्तीने व्याकूळ होतो. प्रसंग एवढाच. त्यातून कोणतेही तात्पर्य काढलेले नाही. स्वामी सुधारत नाही, आजी रागावत नाही.

येथेच नारायण यांच्या जाणिवेचे वेगळेपण आहे. आजीला विसरणे ही स्वामीची कृतघ्नता नव्हे; तो विसरू शकतो हीच त्याला मिळालेल्या सुरक्षिततेची खूण होय. ज्या मुलाला आपला तळ डळमळीत वाटतो ते सतत मागे वळून पाहते. स्वामीला राजमची मैत्री जीव ओतून करता येते, शाळेतून पळून जाता येते, रानात वाट चुकल्यावरही शेवटी घरी परतता येते. त्याच्या या मोकळेपणाची किंमत मात्र बोळात राहणारी एक वृद्धा देत असते. जिच्या असण्यावर मुलाचे जग उभे आहे तिला घरात खोली नाही, आणि तिची गोष्ट ऐकावयास श्रोता नाही. हे नारायण बोलून दाखवीत नाहीत. ते फक्त बोळ दाखवितात. या संयमाला केवळ सौम्य विनोद म्हणून बाजूस सारणारी समीक्षा त्यातील बोच हरवून बसते.

ही कादंबरी इंग्रजीत आहे, आणि अनुवादाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. इंग्रजीतले एकच सर्वनाम स्वामीच्या सर्व नात्यांना पुरते. मराठीत मात्र निवड करावी लागते: वडिलांना 'तुम्ही', आजीला 'तू', मित्राला 'अरे'. नात्यातील अंतर मराठी वाक्य बोलताक्षणीच मोजून दाखविते. त्यामुळे आजी मराठीत आणताना ती घरी परतल्यासारखी वाटेल. परंतु धोकाही तेथेच आहे. 'आजी' या शब्दाबरोबर आपल्याकडे मायेचा एक तयार साठा येतो, आणि तो ओतला की स्वामीचे दुर्लक्ष गोड होऊन जाते. त्या संवादांत मराठी 'तू' जिव्हाळ्याचा असावा, आणि जरासा बेपर्वाही असावा.

दहा वर्षांनी, १९४५ साली, 'द इंग्लिश टीचर' प्रसिद्ध झाली. दरम्यान १९३९ साली नारायण यांच्या पत्नीचे विषमज्वराने निधन झाले होते आणि लहान मुलीचा सांभाळ त्यांच्यावर आला होता. कादंबरीचा नायक कृष्णन् हाच येथे निवेदक आहे. पत्नीच्या मृत्यूनंतर तो मुलीला जिवापाड वाढवितो, आणि अखेरीस तिला खेड्यात आपल्या आईजवळ ठेवून रिकाम्या घरात परततो. मूल पुन्हा आजीकडेच जाते; पण या वेळी कथा सांगतो तो मागे राहिलेला माणूस. पहिल्या कादंबरीत बोळात ठेवलेली जागा येथे लेखकाने आतून भोगली आहे. मूल आनंदाने दूर जावे, आणि ते गेल्याचे दुःख आपले आपण सोसावे, ही वात्सल्याची परिणत अवस्था होय, असे या दोन कादंबऱ्या एकत्र वाचल्यावर प्रतीत होते.

अर्थात चरित्रावरून कलाकृतीचा अर्थ थेट काढणे इष्ट नव्हे. स्वामीच्या मित्राचे नाव राजम, आणि नारायण यांच्या पत्नीचेही नाव राजमच. एवढ्या योगायोगावर सिद्धान्त उभारणारा वाचक फसेल. तसेच बालपणीचा बंध पुढील नात्यांचा साचा अटळपणे ठरवितो, असेही म्हणता येत नाही. 'स्वामी अँड फ्रेंड्स'च्या अखेरीस राजम आगगाडीने निघून जातो. त्याने क्षमा केली की नाही, हे स्वामीला कळतच नाही. आजीचे प्रेम लाभले म्हणून पुढील प्रत्येक प्रेम उत्तर देईलच असे नाही. लाभते ते एवढेच की, उत्तर न मिळालेल्या प्रेमाने माणूस मोडून पडत नाही.

नारायण यांनी १९७४ सालच्या 'माय डेज' या आत्मकथनात नमूद केले आहे की, पहिल्या कादंबरीचा प्रारंभ त्यांनी बंगलोरला केला तो आजीने निवडून दिलेल्या शुभ दिवशी. त्या दिवशी कागदावर उतरलेल्या कादंबरीत नातू आजीची गोष्ट ऐकत नाही. नातवाने ती तेव्हा ऐकली नसेल. लेखकाने ती ऐकली होती, आणि तिच्यासाठी बोळात का होईना, जागा ठेविली होती.