राघोबादादांचे गुण आणि ‘भाऊबंदकी’

नाशिकाहून गंगापूरच्या वाटेनें निघालें कीं गोदावरीकांठीं आनंदवल्ली लागते. हें गांव आतां शहरांतच मिसळून गेलें आहे. पण त्याचें नांव आनंदीबाईंवरून पडलें आणि राघोबादादांचें येथें वास्तव्य होतें, हें जुन्या नाशिककरांस सांगावें लागत नाहीं. १७५८ सालीं लाहोरपर्यंत गेलेला जरीपटका याच दादांच्या नांवावर जमा आहे; आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं केलेला पुतण्याचा, अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा, खूनही. असें पातक ज्याच्या माथीं आहे त्याच्या अंगीं स्तुत्य गुण असूं शकतात काय? कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘भाऊबंदकी’ (१९०९) पुन्हा वाचतांना हा प्रश्न आम्हांस फार टोचूं लागला.

नाटक थोर आहे, याविषयीं वाद नाहीं. रामशास्त्र्यांसारखें पात्र मराठी रंगभूमीवर विरळाच. परंतु दादांचा प्रश्न नाटककारानें सोडविला नाहीं, टाळला, असें आमचें मत आहे. त्यांचे दादा कचखाऊ, बायकोच्या मुठींतले. आनंदीबाई मात्र महत्त्वाकांक्षेची मूर्ति. दुष्टपणा एकीच्या पदरीं, दुबळेपणा दुसऱ्याच्या. अशी वांटणी झाली कीं प्रेक्षक सुखानें घरीं जातो. ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा लोकांस इतकी प्रिय कां, याचेंही उत्तर यांतच सांपडेल. त्या कथेस भक्कम कागदाचा आधार नाहीं. पण तिच्यामुळें अटकेपार झेंडे लावणारा वीर ‘धरावें’ एवढ्याच शब्दाचा धनी राहतो. एका बाईच्या लेखणीवर सारा दोष ढकलला कीं घरचा वीर शाबूत!

शेक्सपिअरनें प्रेक्षकास ही सोय दिली नाहीं. त्याच्या मॅकबेथलाही बायको चिथावते. पण त्याच्या रणांगणावरील शौर्याची वार्ता आपण आरंभींच ऐकतों, आणि तेंच शौर्य पुढें राजाच्या शयनमंदिरांत शिरलेलें पाहतों.

दादांच्या चरित्रांत हा धागा आयताच आहे. १७६३ सालीं राक्षसभुवनावर ते माधवरावांच्या बाजूनें निजामाशीं लढले. आदल्याच वर्षीं त्याच निजामाच्या मदतीनें त्यांनीं त्याच पुतण्यास आळेगांवीं नमविलें होतें. उत्तरेहून त्यांनीं कीर्ति आणली, तसें मोठें कर्जही आणलें. हात सैल, मन उतावीळ, जवळच्या माणसावर पुरा भरंवसा. याला गुण म्हणावें कीं दोष? मोहिमेवर शिपायास असाच धनी आवडतो. तीच उतावीळ वृत्ति दौलतीची वांटणी मागूं लागली तेव्हां १७६८ त ती त्यांस याच जिल्ह्यांतील धोडपच्या किल्ल्यावर, आणि तेथून कैदेंत घेऊन गेली.

कोणी म्हणेल, चुलत्यानें, चिमाजीअप्पानें, १७३९ त जिंकलेली वसई ज्यानें १७७५ च्या सुरतेच्या तहांत इंग्रजांस देऊं केली, त्याचें शौर्य तें काय कौतुकाचें? आक्षेप खरा आहे, पण त्यानें लाहोर खोटें ठरत नाहीं.

येथें रामशास्त्रीच आमच्या मदतीस येतात. परंपरा सांगते कीं प्रायश्चित्त विचारणाऱ्या दादांस त्यांनीं देहान्त हेंच प्रायश्चित्त सांगितलें. लाहोरची मोहीम त्यांनीं तराजूंत घातली नाहीं. आणि दादा शूर नव्हते असेंही ते म्हणाले नाहींत. आरोपीस लहान करण्याची गरज न्यायाधीशास वाटली नाहीं. खाडिलकरांस ती वाटली, आणि त्यामुळें खुद्द शास्त्रीबोवांचेंच धैर्य किंचित् स्वस्त झालें आहे. बायकोच्या तंत्रानें चालणाऱ्या पुरुषास खडे बोल सुनावणें निराळें. ज्याच्या तलवारीचा साऱ्या राज्यास अभिमान, त्याच्या तोंडावर त्यास खुनी म्हणणें निराळें.

दादांवर कोणी दुसरें नाटक लिहावयास घेतलें, तर त्याचा पहिला प्रवेश लाहोरांत व्हावा, अशी आमची इच्छा आहे. त्या वेळीं नारायणराव तीन वर्षांचेही नव्हते.