ग्रहणाची सहल आणि संवादयंत्राचा शब्द

२ ऑगस्ट २०२७ रोजी होणाऱ्या खग्रास सूर्यग्रहणात इजिप्तमधील लक्झर या गावी सूर्य सहा मिनिटांहून थोडा अधिक काळ पूर्ण झाकला जाईल. खग्रास स्थिती फार तर साडेसात मिनिटांच्या आसपास टिकू शकते. म्हणजे ही संधी मोठीच आहे. ती साधण्याच्या विचारात असलेल्या, आमच्या परिचयाच्या धरणगावातील शिक्षक कुटुंबांनी, एकूण चौदा जणांनी, सहलीसाठी एक खास चॅटबॉट, म्हणजे संवादयंत्र, तयार करून घेतले. त्याने दिलेला आराखडा त्यांनी आम्हाला तपासायला दिला. शिक्षकाची कित्येक वर्षांची बचत अशा सहलीत खर्च होते, म्हणून आम्ही तो बारकाईने पाहिला.

'खास' म्हणजे नेमके काय? नोव्हेंबर २०२३ पासून कोणालाही, संगणकाची भाषा न शिकता, आपल्या कामापुरता चॅटबॉट बनवता येऊ लागला. त्याला साध्या भाषेत सूचना द्यायच्या आणि आपले कागद पुरवायचे. यंत्र त्या कागदांचे तुकडे करते, प्रश्नाशी जुळणारे तुकडे निवडते आणि ते समोर ठेवून उत्तर रचते. मूळचे भाषायंत्र मात्र तेच राहते. आधीच्या शब्दांवरून पुढचा संभाव्य शब्द ठरवणे, हे त्याचे काम. पुरवलेल्या कागदांत उत्तर नसेल, तर ते जुन्या वाचनाच्या आधारे पोकळी भरून काढते. वाक्य तेवढेच ठाम असते, त्यामुळे जोड कुठे दिली आहे हे वाचणाऱ्याला दिसत नाही.

आराखड्याचे गुण आधी सांगतो. मराठी सुबोध होते. सामानाची यादी, दूतावासाला विचारायचे प्रश्न, आजींसाठी चाकांची खुर्ची मागण्याचे पत्र, हे सारे काही मिनिटांत तयार झाले. ज्या मंडळींनी कधी परदेश पाहिला नाही, त्यांची भीती यामुळे कमी झाली. हा लाभ लहान नाही.

आता दोष. आराखड्यात ग्रहणाच्या दिवशी मुक्काम कैरोला होता. ग्रहण 'इजिप्तमध्ये' दिसणार आणि प्रवासी 'इजिप्तमध्ये' प्रथम कैरोला उतरतात, असे दोन शब्दसंबंध जुळले आणि वाक्य तयार झाले. पण कैरो खग्रास पट्ट्याबाहेर आहे. तेथे ग्रहण खंडग्रास दिसेल, आणि लक्झर तेथून सुमारे ५०० किलोमीटर दूर आहे. चूक दाखवताच यंत्राने क्षमा मागून मुक्काम बदलला, परंतु खग्रास स्थितीची वेळ दुपारी बाराची दिली. इजिप्तने काही वर्षे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची पद्धत बंद केली होती, ती २०२३ मध्ये पुन्हा सुरू केली. जुन्या मजकुरानुसार बारा वाजतात, चालू नियमानुसार एक. तासाभराच्या फरकाने घड्याळ बिघडते, पण नियोजन कोसळते.

तिसरा दोष अधिक शिकवणारा आहे. गटातील दोघे सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. यंत्राने ही अट पहिल्या पानावर नोंदवली आणि चौथ्या दिवशी सर्वांचे जेवण रात्री आठला ठेवले. एकेक अट सांभाळणे सोपे असते. सगळ्या अटी एकाच वेळी सांभाळणे हे वेगळ्या जातीचे गणित आहे. २०२४ मध्ये संशोधकांनी १,२२५ प्रवास-प्रश्नांची एक कसोटी तयार केली. तीत त्या वेळच्या जीपीटी-४ या नामांकित यंत्राला केवळ ०.६ टक्के वेळा सर्व अटी पाळणारा आराखडा देता आला. नंतर काही संशोधकांनी यंत्राकडे फक्त अटी समजून मांडण्याचे काम ठेवले आणि उकल तर्काने गणित सोडवणाऱ्या आज्ञावलीकडे सोपवली. तेव्हा यश ९० टक्क्यांच्या पुढे गेले. यंत्रे रोज सुधारत आहेत. तरी छान लिहिणे आणि अचूक आखणे ही दोन कामे आहेत, हा धडा कायम राहतो.

चुकले तर भरपाई कोण देणार? कॅनडात एका विमान कंपनीच्या चॅटबॉटने प्रवाशाला सवलतीचा चुकीचा नियम सांगितला. चॅटबॉटच्या बोलण्याला आपण बांधील नाही, हा कंपनीचा बचाव तेथील न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळला आणि सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर देण्याचा आदेश दिला. पण तेथे यंत्र कंपनीचे होते. आपण स्वतः घडवलेल्या यंत्राबाबत दाद कोणाकडे मागणार?

म्हणून आमचा अभिप्राय असा: हे यंत्र लेखनिक म्हणून ठेवावे, साक्षीदार म्हणून नव्हे. व्हिसा, विमान, घड्याळ आणि ग्रहणपट्टा या चार गोष्टी मूळ ठिकाणीच पाहाव्यात. पारपत्रांचे क्रमांक त्याला देऊ नयेत.

आणि हा प्रयोग वर्गात जरूर करावा. यंत्राकडून एका सहलीचा आराखडा घ्या. प्रत्येक वाक्यासमोर विद्यार्थ्यांना लिहू द्या: 'हे कशावरून?' ज्या वाक्यांसमोर जागा कोरी राहील, त्यांच्यावर तिकिटे काढायची नाहीत. धरणगावच्या मंडळींनी तेच केले. आता त्यांच्या आराखड्यात मुक्काम लक्झर आहे, वेळ दुपारी एकच्या सुमाराची आहे आणि दोघांचे जेवण सूर्यास्तापूर्वी आहे.