रिकाम्या जागांचा मान

कोलकात्यात २४ ऑक्टोबर १९८४ रोजी देशातली पहिली मेट्रो धावली, ती एस्प्लनेड ते भवानीपूर, अवघी ३.४ किलोमीटर. तिची पाच स्थानकं आपण पोस्टग्रेस या डेटाबेसमधल्या 'स्थानके' नावाच्या तक्त्यात मांडू. रकाने तीन: क्रम, नाव, नवे_नाव. आणि ही ओळ सावकाश वाचू: 'सिलेक्ट ॲरे_ॲग(नाव ऑर्डर बाय क्रम) फ्रॉम स्थानके'.

'काउंट'ला विचारलं असतं, तर तो 'पाच' म्हणून मोकळा झाला असता. 'सम' काय, 'ॲव्हरेज' काय, ही सारी मंडळी अनेकांना एका आकड्यात विरघळवून टाकणारी. ॲरे_ॲग मात्र फुलं ओवावीत तशी नावं एका ॲरेत ओवतं: एस्प्लनेड, पार्क स्ट्रीट, मैदान, रवींद्र सदन, भवानीपूर. पाच ओळींची एक ओळ होते आणि तरी एकही नाव आपलं रूप हरवत नाही. कंसातल्या त्या 'ऑर्डर बाय'कडेही आपण कौतुकानं पाहावं. तो नसेल तर क्रमाची हमी कुणीच देत नाही, आणि मैदानाआधी भवानीपूर आलं तर ती यादी राहील, मार्ग राहणार नाही.

आता नावाच्या जागी 'नवे_नाव' घालू. पाचांपैकी भवानीपूरचंच पुढे 'नेताजी भवन' झालं. बाकी चार घरं रिकामी, म्हणजे नल. 'काउंट(नवे_नाव)' नल वगळून 'एक' सांगतो, पण तो एक कुठला, हे त्याच्यापाशी उरत नाही. ॲरे_ॲग चारही नलांना त्यांच्या जागी बसवतं आणि पाचव्या घरात नेताजी भवन ठेवतं. त्या रिकाम्या घरांमुळेच तर आपल्याला कळतं, की बदल मार्गाच्या शेवटच्या टोकाला झाला. उत्तराचा अर्धा अर्थ त्या न-नावांनी तोलून धरलेला असतो.

आणि हे ओवणं उलगडताही येतं. 'अननेस्ट' त्या ॲरेच्या पुन्हा पाच ओळी करतं, आणि सोबत 'विथ ऑर्डिनॅलिटी' लिहिलं की प्रत्येकीला तिचा क्रमांकही परत मिळतो. बेरजेतून तिचे मूळ आकडे कुणाला परत मागता येत नाहीत. इथे मात्र जमलेली पाचही स्थानकं, गाडी ज्या क्रमानं थांबते त्याच क्रमानं, आपल्या हाती येतात. सारांश आणि तपशील यांतून एकच निवडावा लागतो हा आपला जुना समज या एका ओळीपुरता तरी खोटा ठरतो, आणि तिची खरी गोडी तीच.