बारा आठवड्यांचा पुरावा

सोरायसिस हा संसर्गजन्य नसलेला, पण वर्षानुवर्षे पिच्छा पुरवणारा त्वचारोग. गेल्या दोन दशकांत त्यावर जैविक औषधे आली. जिवंत पेशींकडून बनवून घेतलेली ही प्रथिने रोगप्रतिकार यंत्रणेतील एखादाच दुवा अडवतात. अनेकांची त्वचा त्यांनी खरोखरच स्वच्छ झाली. आमचा आक्षेप या औषधांवर नाही. त्यांचे आकडे कसे वाचले जातात, यावर आहे.

एफॅलिझुमॅबचे उदाहरण घेऊ. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ५५६ रुग्णांच्या चाचणीत बारा आठवड्यांनी २७ टक्के रुग्णांचा रोग-निर्देशांक पाऊण हिश्श्याने किंवा त्याहून जास्त उतरला. नकली औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. त्याच वर्षी अमेरिकेत मान्यता मिळाली. हे औषध टी-पेशींना रक्तातून त्वचेत शिरू देत नाही. पण याच पेशी मेंदूतही पहारा देतात! पहारा ढिला पडताच, अनेकांच्या शरीरात सुप्त असणारा जेसी विषाणू काही रुग्णांच्या मेंदूत माजला. फेब्रुवारी २००९ पर्यंत असे तीन निश्चित व एक संभाव्य रुग्ण नोंदले गेले, तिघे दगावले. चौघांनीही औषध तीन वर्षांहून अधिक काळ सलग घेतले होते. त्याच वर्षी ते बाजारातून मागे घेण्यात आले.

मग चाचणी खोटी होती का? नाही. तिला विचारलेला प्रश्नच बारा आठवड्यांचा होता.

वर्गात एक गणित जरूर करून पाहावे. हजार रुग्णांत एकालाही अपाय दिसला नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते, की अपायाचे प्रमाण हजारात तीनपेक्षा जास्त नाही. शून्य दिसणे आणि शून्य असणे यांत हे अंतर आहे.

शिवाय चाचणीत रुग्ण निवडून घेतात. स्पेनमधील रुग्णनोंदीत सुमारे ३० टक्के रुग्ण चाचणीच्या निकषांत बसणारेच नव्हते, आणि गंभीर अपायांचे प्रमाण त्यांच्यातच अधिक होते. ब्रिटनमधील नोंदींनुसार (२०१५) पहिले जैविक औषध एका वर्षानंतर ७७ टक्के रुग्ण घेत होते, तीन वर्षांनंतर ५३ टक्के.

अर्थात नोंदवहीही निर्दोष नाही. औषध सोडण्याची कारणे अनेक असतात. आणि कोणाला कोणते औषध मिळाले, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नसते. म्हणून चाचणी आणि नोंदवही या दोन्ही साक्षी एकत्र तपासाव्या लागतात.

'इतके टक्के गुणकारी' असे वाचले, की विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत : कोणाला? किती काळ? आणि कोणाला वगळून?