काकडीचा कोल्हा, द्राक्षांचा कोल्हा

घाटंजी तालुका कापसाचा, तुरीचा. द्राक्षांचा मांडव हे काही इथले दृश्य नव्हे. तरी कोल्ह्याला द्राक्षे आंबट का लागली, हे इथला शाळकरी पोरगा झोपेतही सांगेल. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही घरची म्हण मात्र आजीपाशीच राहिली.

जनावर एकच, पण जागा बदलली की शहाणपणही बदलते. म्हणीतला कोल्हा वावरात शिरतो आणि मिळेल त्यावर भागवतो. द्राक्षांचा कोल्हा वेलीखाली उभा राहून स्वतःचीच समजूत घालतो. इसाप मराठीत आधी तंजावरला, सरफोजीराजांच्या काळात आला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ निघाली 1828 साली. ग्रीक कथेतले जनावर खरे तर खोकडाच्या कुळातले. मराठीत ते कोल्हा झाले, नि कुणाला खटकलेही नाही. आपला कोल्हा पंचतंत्रापासूनच बदनाम!

त्या पंचतंत्रात जागा म्हणजे नुसता रंगवलेला पडदा नाही. वर्धमान व्यापाऱ्याचा बैल संजीवक मथुरेच्या वाटेवर जायबंदी होतो, मागे सोडला जातो, यमुनाकाठच्या कोवळ्या गवतावर पोसतो आणि डुरकू लागतो. पाण्यावर आलेला सिंह पिंगलक त्या आवाजाने बिचकतो. गोठ्यातले जनावर रानात आले, म्हणून पुढचे सगळे राजकारण घडते. अखेर संजीवक मरतो आणि दमनक कोल्हा राजाच्या मर्जीत बसतो. बालआवृत्त्यांना हा शेवट झेपत नाही. खाली सद्वर्तनाचे एखादे तात्पर्य चिकटवून त्या मोकळ्या होतात. विष्णुशर्मा राजपुत्रांना शिकवत होता ते दरबारात टिकून राहणे.

चिमणी-कावळ्याची गोष्ट याहून घरची. तिची जुनी खूण 13व्या शतकातल्या लीळाचरित्रात सापडते. तिथे चिमणीच्या जागी साळुंकी आहे. शेणाचे घर, मेणाचे घर आणि वर पाऊस, एवढ्यावर गोष्ट उभी राहते. भिजणाऱ्या कावळ्याला दाराबाहेर ताटकळत ठेवणारी चिमणी चांगली की वाईट, या भानगडीत ती पडतच नाही. भोपळ्यातली म्हातारी वाघाला सरळ थाप मारते, आणि पोरे टाळ्या पिटतात.

आजची गुळगुळीत कागदावरची नीतिकथा ‘एका जंगलात’ म्हणून सुटते. ते रान सागाचे की बांबूचे, उन्हाळ्यात पाणवठा कुठे, काही पत्ता नसतो. घाटंजीच्या मुलाला जंगल असे निनावी नसते. टिपेश्वर अभयारण्य त्याच्या शेजारचे आहे. तिथे जन्मलेला एक तरुण वाघ 2019 मध्ये, गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन, शेतशिवारांतून सुमारे 1300 किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाटेत तेलंगणाची हद्दही ओलांडून आला. पुस्तकातला वाघ अजून गुहेच्या तोंडाशी बसलेला असतो, आणि समोरच्या पानावर सिंह.