शिष्यवृत्तीच्या मूल्यमापनाची कसोटी

शासकीय शिष्यवृत्त्यांच्या यशापयशाची चर्चा सामान्यतः दोन आकड्यांपाशी येऊन थांबते : लाभार्थी किती व खर्च किती. शासनाने काय दिले हे त्यांवरून कळते. विद्यार्थ्यास काय साधले हे कळत नाही. १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली ती दारिद्र्यामुळे कोणाचे शिक्षण खुंटू नये म्हणून. तेव्हा कसोटीही तीच असावयास हवी. जो एरवी महाविद्यालयात आला नसता, असा विद्यार्थी शिष्यवृत्तीने आणला काय, आणि पदवीपर्यंत टिकविला काय?

हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर हे गाव पूर्णा नदीवरील धरणामुळे सर्वपरिचित आहे. तेथून पदवीसाठी औंढा नागनाथ वा हिंगोली येथे जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही कसोटी लावून पाहावी. कला वा विज्ञान शाखेच्या अनुदानित महाविद्यालयात शिक्षणशुल्क हा त्याच्या खर्चाचा लहान भाग होय. प्रवास, जेवण, पुस्तके आणि मजुरीवर न गेल्याने बुडणारा रोज हा मोठा भाग. परंतु २०१० च्या दरांप्रमाणे घरून ये-जा करणाऱ्या पदवी-विद्यार्थ्यास निर्वाहभत्ता दरमहा ३०० रुपये, म्हणजे दहा महिन्यांचे ३,००० रुपये, मिळे. २०२१ च्या सुधारित नियमांतही ही रक्कम वार्षिक ३,००० रुपयेच राहिली. मधल्या दशकात भाववाढ झाली, भत्ता जागचा हलला नाही.

याउलट राज्याच्या २०१६-१७ पासूनच्या स्वाधार योजनेने वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या, जिल्ह्याच्या ठिकाणी खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यास वर्षाला ४३,००० रुपये देऊ केले. निवास-भोजनाचा खर्च ओळखणारी ही योजना स्वागतार्हच आहे. गावी राहणाऱ्याची व शहरात राहणाऱ्याची गरज सारखी नसते, हेही मान्य. तथापि ती गरज चौदापट भिन्न असते, असे कोणी म्हणणार नाही. गाव सोडणे ज्याला परवडत नाही, तोच येथे सर्वांत कमी साहाय्याचा धनी ठरतो.

रकमेइतकेच महत्त्व वेळेला आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१८ च्या अहवालात महाराष्ट्रासह पाच राज्यांतील २०१२ ते २०१७ या काळातील शिष्यवृत्ती-वाटपाची तपासणी आहे. वाटपातील विलंबावर त्यात बोट ठेवले आहे. जूनमध्ये लागणारा पैसा वर्ष संपल्यावर आला, तर ते साहाय्य न राहता भरपाई होते. आणि भरपाईची वाट तोच पाहू शकतो, ज्याच्यापाशी आधी खर्चावयास काही असते.

अर्जाची वाटही सर्वांना सारखी सुगम नसते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात, ज्या कुटुंबांस साहाय्याचा अर्ज प्रत्यक्ष भरून देण्यात आला, त्यांच्या मुलांचे महाविद्यालयात जाण्याचे व टिकण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले; नुसती माहिती दिलेल्यांत तसा परिणाम दिसला नाही. राज्यात महाडीबीटी प्रणाली आल्यानंतर हा निष्कर्ष येथेही विचारात घेण्याजोगा आहे.

शिष्यवृत्तीधारकांचे निकाल चांगले लागतात, असा प्रतिवाद केला जातो. परंतु जे वाटेतच गळाले त्यांची गणना त्या निकालांत नसते. म्हणून उत्पन्नाच्या अडीच लाखांच्या मर्यादेच्या किंचित अलीकडील व किंचित पलीकडील विद्यार्थ्यांची तुलना करावी. प्रवेश, द्वितीय वर्षातील उपस्थिती आणि पदवी या तीन टप्प्यांवर कोण उरले ते पाहावे. आणि रक्कम कोणत्या महिन्यात हाती पडली याचीही नोंद घ्यावी. यासाठी लागणारी बरीचशी सामग्री महाविद्यालयांच्या नोंदवह्यांत आहे. ती अभ्यासली जात नाही, तोवर लाभार्थींची वाढती संख्या हा योजनेच्या विस्ताराचा पुरावा ठरेल, परिणामकारकतेचा नव्हे.