पूर्वजांचे काय?

सेंट फ्रान्सिस झेव्हियर म्हटले की आपल्याला जुन्या गोव्यातले त्यांचे शव आठवते. मला त्यांचे एक पत्र आठवते. दोन वर्षांहून अधिक काळ जपानमध्ये काढून परतल्यावर, जानेवारी १५५२ मध्ये, त्यांनी ते कोचीनहून युरोपातील जेसुइट बांधवांना लिहिले.

नवख्रिस्ती जपानी त्यांना विचारीत, आमचे पूर्वज नरकातून सुटतील का? झेव्हियर सांगत, नाही. दानानेही नाही, प्रार्थनेनेही नाही. बौद्ध भिक्षू दान घेऊन मृतांच्या सुटकेची हमी देत असत. (पितृपक्ष पाळणाऱ्या घरात या प्रश्नाची धग वेगळी सांगायला नको.) माणसे रडत, आणि ते पाहून आपल्यालाही दुःख होते, हे झेव्हियर लपवत नाहीत.

हे पत्र निव्वळ कठोरपणाचा पुरावा म्हणून वाचणे मला पटत नाही. त्यातला खरा पेच निराळा आहे. देव अन्यायी नाही हे पटवताना झेव्हियर म्हणतात, खून-चोरी वाईट हे माणसाला उपदेशाविनाच कळते. देवाचा नियम हृदयातच असतो. मग तो नियम पाळून मेलेल्या आजोबांना दार बंद का? झेव्हियर तिथवर जात नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये विवेकबुद्धीचा हाच धागा धरून, अजाणतेपणी ख्रिस्ताबाहेर राहिलेल्यांनाही तारण शक्य मानले. मधे ४१२ वर्षे गेली.